धुरेकऱ्याचे आभार

कार्यक्रमात आभारप्रदर्शन सुरू झालं की माणसं चपला शोधायला लागतात. हे मी माइकसमोर उभं राहून तेरा वर्षं पाहिलं आहे. आमच्या ख्रिस्ती मंडळीचा मी सेक्रेटरी. नाताळ असो, संजीवन सभा असो, कोणाच्या पोरीला नोकरी लागली म्हणून घरी ठेवलेली उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची, सभा असो, शेवटचे 'दोन शब्द' माझ्याकडे. खिशात चिठ्ठी, चिठ्ठीवर नावं: मंडपवाला, पेटी-तबलावाले, भाजी चिरणाऱ्या बाया, पाण्याचे कॅन आणणारी पोरं. एक नाव सुटलं की त्या घरचं कोणी पुढचे दोन रविवार उपासनेला येत नाही. म्हणून माझं सगळं लक्ष नावांवर. आभाराकडे पाहायला वेळ कुठे होता?

या तेरा वर्षांत आपण खरोखर कोणाचे आभार मानले का, हा प्रश्न मला 2017 पर्यंत पडला नव्हता. पाय मोडून खाटेवर पडलो तेव्हा पडला.

अचलपूर तालुक्यात आमचं गाव. उत्तरेला पाहिलं की सातपुडा दिसतो. चार एकर कोरडवाहू, पऱ्हाटी म्हणजे कापूस आणि मधून तुरीच्या ओळी. त्या साली दसऱ्यानंतरच्या पावसात पांदणीच्या गाऱ्यात मोटरसायकल घसरली ती डाव्या पायावर आली. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. दवाखान्यात सळई टाकली आणि तीन महिने पाय टेकवायचा नाही असं सांगून घरी पाठवलं. इकडे कापूस फुटायला आलेला.

आणि ते बोंडअळीचं साल. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक. काही संशय येत नाही. नखानं फोडलं की आत सरकीला चिकटलेली गुलाबी अळी, आणि एका पाकळीतून दुसरीत जायला तिनं पाडलेलं गोल भोक, सुतारानं गिरमिट लावावं इतकं साफ. असं बोंड फुटलंच तर निम्मं पांढरं, निम्मं पिवळट कवडी. बायको रोज शेतातून येताना ओटीत चार-पाच बोंडं आणायची आणि न बोलता माझ्या खाटेवर टाकायची. मी ती फोडत बसायचो. पाचातली तीन किडकी निघायची. लांब धाग्याच्या कापसाला त्या साली हमीभाव 4,320 रुपये क्विंटल होता, पण कवडीला कोण हमीभाव देतो?

देवावर रागवायला मला तेवढं पुरलं. यात आमचीही चूक होती, हे मी बऱ्याच उशिरा कबूल केलं. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम साधं बियाणं यायचं. ते कडेनं लावायचं, म्हणजे अळीला खायला दुसरी झाडं राहतात आणि बीटी पचवणारी अळी लवकर वाढत नाही. आम्ही ते पाकीट धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकून द्यायचो. गावोगाव हेच चाललं होतं. खाटेवर असताना मात्र मला ती पाकिटं आठवली नाहीत, देवच आठवला.

आता धुरेकऱ्याबद्दल, म्हणजे बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याबद्दल. पूर्वेकडचा धुरा आमचा आणि त्यांचा सामाईक. वखर फिरवताना ते दरवर्षी एक तास, म्हणजे औताची एक ओळ, आमच्याकडे सरकतात असं माझं म्हणणं, आणि धुरा माझ्याच वडिलांनी कोरला असं त्यांचं. दोनदा शिवीगाळ झाली, एकदा प्रकरण तंटामुक्ती समितीपर्यंत गेलं. गजानन महाराजांचे भक्त, दरवर्षी शेगावला पायी जातात. मी मनात म्हणायचो, चालून चालून पाय झिजले, धुरा काही सरळ झाला नाही.

तर एका सकाळी हाच माणूस आमच्या वावरात शिरला. त्याची बायको, भावजय आणि रोजानं लावलेल्या दोन बाया. चार दिवस त्यांनी वेचलं. कवडी वेगळी, चांगला कापूस वेगळा. पाचव्या दिवशी बंडीत गाठोडी घालून त्यानं आमच्या ओसरीत गंजी लावली, काट्यावरचं वजन बिडीच्या कागदावर लिहून दिलं, दोन बायांच्या मजुरीचे पैसे बायकोकडून मोजून घेतले. घरच्यांचे घेतले नाहीत. माझ्याकडे एकदा पाहिलं, "पाय कसा हाये?" म्हणाला आणि बैल वळवले.

इथं मला भरून आलं असं लिहायला पाहिजे. तसं काही झालं नाही. मला राग आला. आता याच्यासमोर आवाज चढवायची सोय राहिली नाही, हा पहिला विचार. हा आता धुरा मागणार, हा दुसरा. रात्री जेवण गेलं नाही.

याच्यामागे जुनी गोष्ट आहे. माझी पणजी 1899–1900 च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आली. आईबाप वाटेतच मेले होते. ती तिथे वाढली, तिथेच शिकली, ख्रिस्ती झाली. 'धान्यासाठी बाटले' हे वाक्य त्यानंतर तीन पिढ्यांनी ऐकलं. आजोबांनी तर शपथच घेतल्यासारखं ठरवून टाकलं होतं, कोणाचं काही घ्यायचं नाही. घेतलं तर दुप्पट परत. शेजारणीनं वाटीभर कढी दिली तर आमच्या घरून वाटी कधी रिकामी जात नाही, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतही नाही. बाहेरच्याला हे मोठं सौजन्य वाटतं. खरं म्हणजे ती भीती आहे. मराठीत उपकार 'फेडायचे' असतात, कर्जासारखे, आणि आमच्या घरात ते व्याजासकट फेडले जात. अशा घरात वाढलेला माणूस रोज रात्री प्रार्थनेत 'देवा, तुझे अनंत उपकार' म्हणतो तेव्हा तो नक्की काय म्हणत असतो?

गुरुवारी पाळक, आमच्या मंडळीचे धर्मगुरू, आले. पाच गावं त्यांच्याकडे, जुनी मोटरसायकल, हेल्मेटच्या आत कानटोपी. मला चर्चला जाता येत नव्हतं म्हणून प्रभुभोजन घरी द्यायला आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, धुरेकऱ्याचंही. वर म्हटलं, "साहेब, 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असं पौल लिहितो. बोंडअळीबद्दल उपकारस्तुती करू? मोडलेल्या पायाबद्दल?"

ते म्हणाले, "स्थितीत म्हटलंय. स्थितीबद्दल कुठं म्हटलंय?"

मग त्यांनी समोरच्या ताटलीकडे बोट दाखवलं. प्रभुभोजनाच्या वेळी जे वाचतात तेच त्यांनी पुन्हा वाचलं: ज्या रात्री येशूला धरून देण्यात आलं, त्या रात्री त्यानं भाकर घेतली आणि आभार मानून ती मोडली. "धरून दिलं म्हणून त्यानं आभार मानले नाहीत," पाळक म्हणाले. "बाहेर काय चाललं होतं ते त्याला माहीत होतं. हातात भाकर होती, तिचे मानले." हे वचन मी शेकडो वेळा ऐकलं होतं. आपल्या शास्त्रात शब्द 'भाकर' आहे, त्यामुळे मला नेहमी ज्वारीचीच दिसायची. 'त्या रात्री' या दोन शब्दांवर मात्र मी कधी थांबलो नव्हतो.

जाताना त्यांनी मला शाळेतल्या पोराला द्यावा तसा अभ्यास दिला. रात्रीच्या प्रार्थनेत 'जीवन, आरोग्य, अन्नवस्त्र' हे शब्द बंद. एकच गोष्ट सांगायची, आजची, आणि ती कोणाच्या हातून आली त्याचं नाव घ्यायचं. आठवड्यातून त्यातल्या एका माणसाला ते तोंडानं सांगायचं. "तुम्ही आभारप्रदर्शनात पटाईत आहात," असंही म्हणाले. टोमणा होता की काय, मला अजून ठरवता आलं नाही.

पहिल्या रात्री आम्ही चौघं खाटेभोवती बसलो. आईला विचारावं लागलं नाही. "पोट्टीनं आज पाठ चोळून देल्ली. देवा, तुझे उपकार," एवढं बोलून ती मोकळी. पोरीनं मैत्रिणीचं नाव घेतलं, वही दिली म्हणून. बायकोनं पिठाच्या गिरणीवाल्याचं, नंबर आधी लावला म्हणून. माझी पाळी आली आणि मला काही सापडेना. इतकी वर्षं माइक धरलेला माणूस. शेवटी म्हटलं, "भाकर कडक नव्हती." पोरगी फिसकन हसली. आई म्हणाली, "कोनाच्या हातची ते सांग ना मंग."

बायकोच्या हातची होती, तिच्यासमोर बसून ते सांगायचं होतं, आणि मला ते जमलं नाही. आपल्याकडे घरच्यांना 'धन्यवाद' म्हणत नाहीत. तो शब्दच स्टेजवरचा. आठवडाभर हे चाललं. मग एका सकाळी तिनं चहा आणून दिला, माझी लघवीची बाटली उचलली आणि निघाली तेव्हा मी घाईघाईनं म्हटलं, "तुह्यानं होते हे म्हणून मी हावो." ती थांबली. बाटली खाली ठेवून माझ्या कपाळाला हात लावला. "ताप हाये काय? की डाक्टरनं काही सांगतलं जे मले सांगतलं नाही?" दिवसभर ती माझ्याकडे संशयानं पाहत होती. रात्रीच्या भाजीत मात्र सोले घातले होते, त्या सालचे पहिले. तुरीचे हिरवे दाणे सोलून भाजी करायला किती वेळ लागतो ते करणाऱ्यालाच माहीत.

सवय अशीच लागली, हळूहळू आणि ओढूनताणून. महिनाभरानं माझ्या लक्षात आलं की दुपारीच मी रात्रीसाठी काहीतरी शोधायला लागलो आहे. पोस्टमन, पलीकडची मामी, कुबड्या बनवून देणारा सुतार. दिवस तसाच होता, कापूसही तेवढाच. नजर तेवढी फिरली होती.

मला जे खटकायला लागलं तेही सांगतो. आपल्या साक्षी. त्याच साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर मेले. आमच्या एका सभेत एका भावानं उठून साक्ष दिली, मीही फवारतो पण प्रभूनं मला राखलं, स्तोत्र असो. लोकांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं असतं, एक वर्षापूर्वी. आता ते घशात अडकलं. जे मेले त्यांना मग कोणी सोडून दिलं? येशूच्या दाखल्यातला परूशी, धर्मनियम कडक पाळणारा, मंदिरात उभा राहून प्रार्थना करतो, 'मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे आभार मानतो.' ती आभाराचीच प्रार्थना आहे, हे कोणी लक्षात घेत नाही. दुसऱ्याच्या पडझडीवर उभं राहून मानलेले आभार मला तेव्हापासून नको वाटतात. 'आपल्यापेक्षा वाईट हाल असलेल्यांकडे पाहा' हा सल्लाही तसलाच. पाय मोडलेल्यानं पाय नसलेल्याकडे पाहून खूश व्हायचं? ही कसली उपकारस्तुती?

दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट उपकारस्तुतीच्या उपदेशात हमखास येते. येशूनं दहा बरे केले, आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे परका. बाकीचे नऊ कुठे? इथं पाळकांचा आवाज चढतो. माझे वडील परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याच्या मिशन दवाखान्यात ड्रेसर होते. तो कुष्ठरोग्यांचाच दवाखाना. लोकांचे झडलेले पाय टबात भिजवायचे, मेलेली कातडी खरवडायची, पट्टी बांधायची, आयुष्यभर हेच काम. नऊ जणांवर टीका सुरू झाली की ते बाकावर चुळबुळ करत. एकदा घरी येऊन म्हणाले, "त्याईले घरी जायची घाई होती. इतक्या वर्षानं घरचे दारात उभे करतात की नाई, तेच डोक्यात राह्यते." वर असंही म्हणाले की येशूनंच त्यांना याजकाकडे जायला सांगितलं होतं, ते सांगितलेलंच करत होते. बरं होऊन गेलेला एखादा पेशंट पुढे कधी बाजारात दिसला तर वडील आपण होऊन तोंड फिरवत. ओळख दिली तर लोकांना कळेल, याला काय झालं होतं ते. वडिलांचे आभार बहुतेकांनी मानले नाहीत, आणि कित्येकांना त्यांनी ती संधीच दिली नाही. पाय मोडला त्या तीन महिन्यांत मला वडील फार आठवले.

धुरेकऱ्याकडे जायला मला फेब्रुवारी उजाडला. कुबडीवर गेलो. पहिल्या खेपेला तुरीच्या भावावर बोललो आणि परत आलो. दुसऱ्या खेपेला रानडुकरांवर. तिसऱ्या खेपेला तो गोठ्यात शेण काढत होता. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "भाऊ, तुम्ही कापूस आणून देल्ला. मी बोललो नव्हतो काही."

त्यानं फावडं टेकवलं. "मंग आता काहून बोलता?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाळकांनी सांगितलं म्हणून, असं कसं म्हणणार? मी म्हटलं, "राहून गेल्तं."

"कापूस होता तो," तो म्हणाला. "पाण्यात वला झाला असता. कोनाचा का असेना, पाह्यवते काय?" म्हणजे माझ्यावर त्यानं दया केली नव्हती की मैत्री. कापूस भिजलेला त्याला पाहवला नसता. मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. फेडण्यासारखं त्यात काही उरलंच नाही. मग त्याच्या बायकोनं चहा दिला, काळा, गूळ घातलेला. मी प्यालो. दुसऱ्या दिवशी आमच्या घरून काही परत गेलं नाही. आजोबा असते तर त्यांना झोप लागली नसती.

हे सगळं कायमचं जमलं असं नाही. पुढे आम्ही कापूस कमी करून सोयाबीन धरलं. 2023 ला त्यावर पिवळा मोझॅक आला. हिरवं वावर आठ-दहा दिवसांत हळदीसारखं पिवळं, शेंगा भरल्याच नाहीत. रात्री पोरीनं बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय काढला: अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. त्या यादीतली निम्मी पिकं आमच्याकडे होत नाहीत, पण यादी ओळखीची वाटली. 'तरी'पर्यंत मी हबक्कूकसोबत होतो. पुढे जाता येईना. माझी पाळी आली तेव्हा मी गप्प बसलो. बायकोनं नाव सुचवायला तोंड उघडलं. आईनं तिला हातानं थांबवलं. "आज नाई म्हनता येत त नको म्हनू, बाबू. उद्या म्हन." दुसऱ्या दिवशीही म्हटलं नाही. बाराव्या की तेराव्या दिवशी म्हटलं, तेही ट्रॅक्टरवाल्याचं नाव, उधारी थांबवली म्हणून. स्तोत्रसंहितेत विलापाची इतकी स्तोत्रं आहेत, आपल्या सभांमध्ये मात्र रडण्याला जागा नाही, याचं मला अजूनही नवल वाटतं.

यंदा तूर घरात आल्यावर फेब्रुवारीत हंगामाचा सण केला. प्रत्येक घरानं आपापलं आणलं: तुरीची डाळ, अंबाडी, संत्री, एक लंगडा कोंबडा. आईनं तिचा डबा आणला. दळण काढताना दर वेळी ती मूठभर ज्वारी त्यात टाकते. 2017 लाही टाकत होती, हे मला फार नंतर कळलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं झाली, दानार्पण झालं, आणि मग नेहमीसारखा लिलाव. लिलावाला गावातले सगळेच येतात, आवारात गर्दी होते. आमच्या वेलाचं एक कोहळं होतं, दोन्ही हातांत मावणार नाही एवढं. बोली एकशे एकवर अडली.

"तीनशे एक," मागून आवाज आला. कडूलिंबाखाली धुरेकरी उभा होता, धोतराचा सोगा हातात धरून.

पाळकांनी तीनदा विचारलं, कोणी पुढे गेलं नाही. त्यानं कमरेच्या पिशवीतून नोटा काढून मोजून दिल्या आणि कोहळं खांद्यावर घेतलं. मग माझे 'दोन शब्द' आले. लोक चपला शोधायला लागलेच होते. मी चिठ्ठी काढली, पहिली दोन नावं वाचली आणि पाहिलं तर तो फाटकाशी पोचलेला. मी माइकवरूनच हाक मारली, "भाऊ, चहा घेऊन जा."

तो वळला. "सोमवारी मोजनीवाले येऊन राह्यले धुऱ्यावर," त्यानं तिथूनच ओरडून सांगितलं. "दाहा वाजता. तवाच घेऊ."